पेशी दिसल्या, पुढे काय?

'रक्ताच्या एका नळीतून कर्करोगाचे निदान' अशा आशयाची बातमी वर्षातून तीन-चार वेळा तरी विज्ञानाच्या पानावर झळकते. कधी ती मुंबईची असते, कधी बंगळुरूची, कधी परदेशातील एखाद्या विद्यापीठाची. तिच्यात एक टक्केवारी असते, ती बहुधा नव्वदीच्या घरातली असते, आणि 'लवकरच ही चाचणी सर्वसामान्यांना उपलब्ध होईल' या वाक्याने बातमी संपते. विज्ञानाचा विद्यार्थी ती वाचून हरखतो. घरात कर्करोगाचा रुग्ण असलेला माणूस ती कापून ठेवतो. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात, म्हणजे डॉक्टर ज्याला एंडोमेट्रियल कॅन्सर म्हणतात त्यात, रुग्णाच्या रक्तात फिरणाऱ्या आणि गाठीशी संबंध आलेल्या प्रतिकारपेशींवर जे संशोधन चालू आहे, ते याच मालिकेतले. संशोधन महत्त्वाचे आहे यात शंका नाही. मात्र त्याला विचारला जाणारा प्रश्न बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि वाराणसीसारख्या शहरात त्या चुकीची किंमत रुग्ण स्त्रीला मोजावी लागण्याची शक्यता आहे.

प्रथम प्रमाणाचा अंदाज घ्यायला हवा. एक मिलिलिटर रक्तात सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशी आणि ४० लाख ते १ कोटी १० लाख पांढऱ्या पेशी असतात. त्या गर्दीत गाठीपासून सुटून आलेल्या पेशी असल्याच, तर पुष्कळदा एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच. अशा चाचणीसाठी साधारण ७.५ मिलिलिटर रक्त घेतात. शरीरात एकूण रक्त चार-पाच लिटर. म्हणजे नमुना सहाशे-साडेसहाशेवा हिस्सा. येथे यंत्र कितीही उत्तम असले तरी संभाव्यतेचा एक जुना नियम आडवा येतो. नळीमागे सरासरी एक पेशी असेल, तर शंभरापैकी ३७ नळ्यांत एकही पेशी सापडणार नाही. सरासरी तीन असतील, तरी ५ नळ्या रिकाम्याच निघतील. किरणोत्सारी स्रोतासमोर गायगर नळी ठेवून कण मोजलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे प्वासाँचे गणित ठाऊक असते. रक्तचाचणीच्या बातमीत मात्र त्याचा उल्लेख कधी सापडत नाही.

गाठीच्या पेशी रक्तात फिरतात ही कल्पना जुनी आहे. १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियात टॉमस अॅशवर्थ या डॉक्टरने कर्करोगाने मृत्यू पावलेल्या एका माणसाच्या रक्तात त्याच्या गाठींतल्यासारख्याच पेशी पाहिल्याची नोंद केली. त्या पेशी नेमाने मोजता येऊ लागल्या त्या २००४ मध्ये, सेलसर्च या यंत्रणेला अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा. तिची व्याख्या काटेकोर होती. पेशीवर एपकॅम हे प्रथिन हवे, आत सायटोकेरॅटिन हवे, केंद्रक हवे. आणि सीडी ४५ हे प्रथिन मुळीच नको. सीडी ४५ ही पांढऱ्या पेशींची ओळखखूण. ती ज्या पेशीवर दिसेल ती पेशी बाद.

व्याख्या करणाऱ्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही. लाखो पांढऱ्या पेशींतून पाच-दहा परक्या पेशी वेचायच्या असतील, तर पांढऱ्या पेशी आधी बाजूला काढाव्याच लागतात. पार्श्वभूमी वजा केल्याशिवाय कोणतेही मापन उभे राहत नाही. परंतु या वजाबाकीत काही वेगळ्याच पेशी वर्षानुवर्षे वगळल्या गेल्या. २०१४ मध्ये डॅनियल अॅडम्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात दाखवले, की निरनिराळ्या अवयवांच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तात अवाढव्य भक्षक पेशी फिरत असतात. आकार २५ ते ३०० मायक्रोमीटर. तांबड्या पेशीचा व्यास सात-आठ मायक्रोमीटर असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या पेशींचा अवाढव्यपणा कळतो. त्यांच्यावर भक्षक पेशींच्या खुणा होत्या आणि त्याच पेशीत गाठीच्या ऊतीच्या खुणाही होत्या. २०१८ मध्ये ऑरेगनमधील एका गटाने आणखी पुढचे पाऊल टाकले. भक्षक पेशी आणि कर्कपेशी यांच्या मीलनातून संकरित पेशी बनतात, त्या रक्तात येतात, आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगात त्यांची संख्या रोगाच्या टप्प्याशी आणि रुग्णाच्या आयुर्मानाशी जुळते, असे त्यांना आढळले. जुन्या व्याख्येप्रमाणे या पेशी मोजणीत आल्याच नसत्या. त्यांच्यावर सीडी ४५ होते.

येथे एक भेद स्पष्ट ठेवला पाहिजे, कारण बातम्यांत तो हमखास पुसला जातो. गाठीतून सुटलेली कर्कपेशी रक्तात सापडणे ही एक गोष्ट. गाठीशी गाठ पडून आलेली प्रतिकारपेशी सापडणे ही दुसरी. पहिली चोराची, तर दुसरी चोराशी झटापट करून आलेल्या पहारेकऱ्याची. पहारेकऱ्याच्या अंगावरचा ओरखडा बरेच काही सांगतो; पण पहारेकऱ्याची झटापट इतरांशीही होत असते.

या कथेतले एक मोठे प्रकरण महाराष्ट्रात घडले. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्स या संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये १६,१३४ व्यक्तींच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी सीडी ४५ची अट काढून टाकली. एपकॅम आणि सायटोकेरॅटिन या दोन्ही खुणा असलेल्या किमान तीन पेशींचा पुंजका सापडला, की तो मोजायचा. त्यात प्रतिकारपेशी असोत वा नसोत. कर्करोगाचे निदान झालेल्या ५,५०९ रुग्णांपैकी ४,९४४ जणांत, म्हणजे सुमारे ९० टक्क्यांत, असे पुंजके आढळले. कोणतेही लक्षण नसलेल्या आणि सर्व तपासण्या निर्दोष आलेल्या ८,४९३ जणांपैकी २५५ जणांत, म्हणजे ३ टक्क्यांत ते आढळले. लक्षण नाही, परंतु एखाद्या तपासणीत काही वावगे दिसले, अशा २,१३२ जणांत हेच प्रमाण ६.४ टक्के होते. पुढे याच संस्थेच्या स्तनकर्करोगाच्या चाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये 'ब्रेकथ्रू' दर्जा दिला. हा दर्जा म्हणजे पुढील परीक्षण त्वरेने व्हावे यासाठीची सोय. चाचणीला मिळालेली मान्यता नव्हे. मराठी वाचकांपैकी अनेकांनी त्या वेळी या दोन गोष्टी एकच समजल्या, आणि त्यात दोष वाचकांचा कमी, मथळे देणाऱ्यांचा अधिक.

सोळा हजारांहून अधिक भारतीयांच्या रक्ताचा अभ्यास ही लहान गोष्ट नाही आणि त्याबद्दल नाशिकच्या चमूचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु ९० टक्के आणि ३ टक्के हे दोन आकडे जिथे जातील तिथे एकच अर्थ घेऊन जात नाहीत. भारतात गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी आहे. समजा, एक लाख स्त्रियांत एका वर्षी तिघींना तो होतो. त्या लाखभर स्त्रियांची रक्तचाचणी केली, तर त्या तिघी बहुधा सापडतील. आणि त्यांच्यासोबत रोग नसलेल्या ३,००० स्त्रियांनाही 'पेशी आढळल्या' असा कागद हाती पडेल. त्या तीन हजारांचे पुढे काय करायचे, याचे उत्तर कोणत्याही मथळ्यात नसते. अनेक कर्करोग एकत्र शोधणाऱ्या चाचणीत हे प्रमाण काहीसे सुधारते हे मान्य. पण मग कोणत्या अवयवाकडे पाहायचे हा नवा प्रश्न उभा राहतो.

आता वाराणसीकडे येऊ या. या रोगाची एक विलक्षण बाजू अशी, की तो स्वतःच वर्दी देतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलित विश्लेषणानुसार, या रोगाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ९१ जणींना पाळी कायमची गेल्यानंतर रक्तस्राव झालेला असतो. आणि असा रक्तस्राव घेऊन डॉक्टरकडे येणाऱ्या शंभरपैकी सुमारे ९ जणींत हा कर्करोग निघतो. इतकी स्पष्ट आणि इतकी लवकर खूण देणारे कर्करोग फार थोडे. रोग गर्भाशयापुरता असताना शस्त्रक्रिया झाली, तर पाच वर्षांनंतर शंभरपैकी नव्वदहून अधिक स्त्रिया हयात असतात. तरीही २०२२ मध्ये जगभर या रोगाच्या सुमारे ४ लाख २० हजार नव्या रुग्ण नोंदल्या गेल्या आणि सुमारे ९७ हजार स्त्रिया त्याने दगावल्या.

मराठीत 'दुखणे अंगावर काढणे' असा शब्दप्रयोग आहे, आणि तो बहुतांशी बायकांच्याच बाबतीत वापरला जातो हा योगायोग नव्हे. पाळी जाऊन सात-आठ वर्षे झालेल्या स्त्रीला एके दिवशी डाग दिसतो. 'उष्णतेने झाले असेल', 'पाळी परत आली असेल', 'या वयात हे कोणाला सांगायचे?' अशा तीन वाक्यांत सहा महिने निघून जातात. दुर्गाघाट-ब्रह्माघाटाकडच्या जुन्या मराठी घरांत असो, गाझीपूर-बलियाच्या गावात असो, की पुण्याच्या सदनिकेत, ही वाक्ये फारशी बदलत नाहीत. त्यानंतर करायच्या तपासण्या साध्या आहेत. आतून केलेल्या सोनोग्राफीत अस्तराची जाडी ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरली, तर कर्करोगाची शक्यता फारच थोडी. जाडी अधिक असेल, तर बारीक नळीने अस्तराचा तुकडा घेऊन बायोप्सी; त्यासाठी बहुतेकदा दाखल व्हावे लागत नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. आतून सोनोग्राफी करून घ्यायला अनेक स्त्रिया तयार होत नाहीत. दंडातून रक्त द्यायला मात्र कोणीही तयार होते. मग रक्तचाचणी हीच पहिली पायरी का नसावी? गणित करून पाहावे. रक्तस्राव घेऊन आलेल्या शंभर स्त्रिया, त्यांपैकी ९ जणींना रोग. नाशिकच्या अभ्यासातले आकडे जसेच्या तसे धरले, तर त्या नऊपैकी आठ जणी सापडतील आणि रोग नसलेल्या ९१ पैकी तिघींना अकारण धास्ती बसेल. वरकरणी हे उत्तम दिसते. पण चाचणी होकारार्थी आली तर बायोप्सी करावीच लागते. म्हणजे तो संकोच टळत नाही, फक्त पुढे ढकलला जातो. आणि नऊपैकी जी एक निसटते, ती 'रक्त चांगले आले' असे सांगत घरी जाते. तिच्या हाती आता दुखणे अंगावर काढण्याचे प्रमाणपत्रच असते. शिवाय सुरुवातीच्या टप्प्यात, जेव्हा रोग सहज बरा होतो तेव्हाच, रक्तातल्या पेशी कमी असण्याचा आणि नळी रिकामी निघण्याचा संभव अधिक.

तेव्हा या पेशींचा उपयोग निदानासाठी नाही, तर मग कशासाठी? याचे उत्तर रोगाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

२०१३ पासून हा कर्करोग एक नसून रेणवीय दृष्ट्या किमान चार प्रकारांचा आहे हे मानले जाते. त्यातल्या एका प्रकारात डीएनएच्या प्रतीतील चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली असते. चुका साचतात, गाठीची प्रथिने विचित्र होतात, आणि प्रतिकारशक्तीला ती परकी वाटू लागतात. अशा स्त्रियांत रोग पसरलेला किंवा उलटलेला असताना केमोच्या जोडीला डोस्टार्लिमॅब हे प्रतिकारशक्तीचा ब्रेक सोडणारे औषध दिले, तर काय होते, याची रुबी नावाची चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनंतर रोग पुढे न सरकलेल्या स्त्रियांचे प्रमाण औषध मिळालेल्या गटात ६१.४ टक्के होते, न मिळालेल्या गटात १५.७ टक्के. कर्करोगाच्या औषधांत इतके मोठे अंतर क्वचित दिसते. मात्र ६१.४ म्हणजे १०० नव्हे. दुरुस्ती-यंत्रणा बिघडलेली असूनही काही स्त्रियांत औषध का चालत नाही, आणि ते चालत नाही हे सहा महिने आणि लाखो रुपये जाण्यापूर्वी कसे कळावे, हा आजचा खरा प्रश्न आहे. बायोप्सीचा तुकडा त्याचे उत्तर पूर्णपणे देऊ शकत नाही, कारण तो उपचारापूर्वीच्या एका दिवसाचे छायाचित्र असतो. रक्त दर तीन आठवड्यांनी घेता येते. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात २०१६ मध्येच दिसून आले होते, की रक्तातल्या विशिष्ट खुणेच्या टी पेशींमध्ये गाठीची बदललेली प्रथिने ओळखणाऱ्या पेशी सापडतात. गाठीशी झटापट करून आलेल्या प्रतिकारपेशी जे सांगू शकतील ते येथे उपयोगाचे आहे.

तरीही सावध राहायला हवे, कारण या वाटेवर दोन ठेचा आधीच लागलेल्या आहेत. पहिली बीजाशयाच्या कर्करोगातली. उपचारानंतर सीए १२५ हा रक्तातला दर्शक वाढला की रोग परततो आहे हे काही महिने आधी कळते. मग उपचारही आधी सुरू करावेत, हे तर उघडच! २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५२९ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून एका गटाला लगेच, दुसऱ्याला लक्षणे दिसल्यावर केमो दिली. पहिल्या गटाचे उपचार जवळजवळ पाच महिने आधी सुरू झाले. आयुष्य मात्र वाढले नाही, मध्यक २५.७ महिने विरुद्ध २७.१ महिने. वाढला तो केमो सोसण्याचा काळ. दुसरी ठेच २०१४ची, स्तनकर्करोगातली. पहिल्या केमोनंतरही रक्तात कर्कपेशी टिकून राहिलेल्या १२३ स्त्रियांपैकी काहींची केमो बदलली, काहींची तीच ठेवली. आयुर्मानात फरक पडला नाही. पेशी खऱ्या होत्या, त्यांचे भाकीतही खरे होते. पण त्या भाकितावर करता येण्यासारखे काही हाताशी नव्हते. ज्या मापनामुळे कोणताही निर्णय बदलत नाही, ते रुग्णाला फक्त वाईट बातमी लवकर देते.

म्हणून या पेशींच्या प्रत्येक अभ्यासाकडे 'किती टक्के रुग्णांत सापडल्या?' असे न विचारता 'सापडल्यावर कोणता उपचार बदलला, आणि बदलल्याने बाईचे काय भले झाले?' असे विचारले पाहिजे. हा अभ्यास भारतात करायचा तर वाराणसी हे त्यासाठी अत्यंत योग्य ठिकाण आहे. एके काळी पूर्वांचलातला कर्करोगाचा रुग्ण महानगरी एक्सप्रेसने मुंबई गाठून परळच्या पदपथावर मुक्काम करीत असे. २०१८ मध्ये लहरताऱ्याचे जुने रेल्वे कर्करोग रुग्णालय टाटा स्मारक केंद्राकडे आले आणि होमी भाभा कर्करोग रुग्णालय झाले. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्राचे उद्घाटन झाले. (टाटा स्मारक केंद्र अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे, ही गोष्ट भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच ठाऊक असते.) याच केंद्राने वाराणसी जिल्ह्याची लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणीही हाती घेतली. शस्त्रक्रिया, केमो, पॅथॉलॉजी आणि नोंदणी हे सारे एका शहरात असणे, ही अशा अभ्यासाची अर्धी तयारी आहे.

उरलेली अर्धी तयारी बरीच गद्य स्वरूपाची आहे. जिवंत पेशी मोजायच्या तर साध्या नळीतले रक्त काही तासांत प्रयोगशाळेत पोहोचावे लागते. पेशी टिकवणारी द्रव्ये असलेल्या खास नळीत ते चार दिवसांपर्यंत चालते, पण १५ ते ३० अंश तापमानात. वाराणसीत मे-जूनमध्ये पारा ४० अंशांच्या पुढे असतो. चंदौलीहून दुचाकीवर निघालेल्या नळीचे तापमान कोणी नोंदवले नाही, तर निकालातला फरक रोगाचा की उन्हाचा, हे सांगता येणार नाही. मापनाच्या त्रुटींविषयी भौतिकशास्त्र जे पहिल्या वर्षी शिकवते, ते येथे थंड पेटीच्या रूपाने उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट तुलनेच्या गटाची. निरोगी स्वयंसेवकांशी तुलना करून चालणार नाही. तुलना हवी ती रक्तस्राव होणाऱ्या, पण कर्करोग नसलेल्या स्त्रियांशी: अस्तरात मांसांकुर असलेल्या, गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी असलेल्या, मधुमेह आणि स्थूलता असलेल्या. आणि भारतात आणखी एका गटाशी, जो पाश्चात्त्य अभ्यासांत सहसा नसतो. गर्भाशयाच्या क्षयरोगात भक्षक पेशी एकत्र येऊन बहुकेंद्रकी महापेशी बनवतात. ज्या चाचणीचा सारा भर अवाढव्य भक्षक पेशींवर आहे, तिने क्षयाच्या रुग्णांत ती काय दाखवते हे आधी सांगितले पाहिजे. पहारेकऱ्याची झटापट इतरांशीही होते, ती अशी.

तिसरी गोष्ट खर्चाची, आणि ती सर्वांत कडू. दुरुस्ती-यंत्रणा बिघडली आहे का, हे पाहायला नवे यंत्र लागत नाही. बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर चार प्रथिनांची रंगचाचणी पुरते. तिच्यामुळे उपचार बदलतात आणि आनुवंशिक लिंच विकार असल्यास मुली-बहिणींनाही वेळीच सावध करता येते. ती प्रत्येक रुग्ण स्त्रीची होत नसताना महागडी रक्तचाचणी आधी आणणे म्हणजे घरात दिवा नसताना दुर्बीण विकत घेणे होय. रक्तपेशींचा अभ्यास करायचाच, तर त्यात सामील होणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या तुकड्यावर ही चार प्रथिनांची चाचणी विनामूल्य व्हावी, ही अट संशोधन-निधी देणाऱ्यांनी घालायला हरकत नाही.

आणि वेळ. हा रोग उलटतो तेव्हा तो बहुधा उपचारानंतरच्या पहिल्या तीन वर्षांत उलटतो. तेवढा काळ दर काही महिन्यांनी त्याच स्त्रियांचे रक्त घ्यायचे, सोनभद्र-चंदौलीच्या गावांतून त्यांना परत बोलवायचे, न आल्यास फोन करायचा, प्रवासाचे भाडे द्यायचे, आणि त्या हयात आहेत का याची नोंद ठेवायची. हे काम करणारा माणूस बहुधा कंत्राटी असतो आणि प्रकल्पाचा निधी दुसऱ्या वर्षी संपतो.